काळा? छे, नीट बघा!

काळा रंग हिरवा असतो! निळा असतो! जांभळा असतो, आणि उन्हाचा कोन जरा बदलला की चक्क तांबूससुद्धा असतो! हे मला नुकतंच कळलंय आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास गिळवत नाही, म्हणून आज तुम्हाला धरलंय. बसा जरा! नको, बसू नका, उभेच राहा, कारण हे वाचता वाचता तुम्हाला बाहेर पळावंसं वाटणार आहे!

विषय आहे काळे पक्षी. हो, तेच! तारेवर बसलेले, कचऱ्यापाशी दिसणारे, ज्यांच्याकडे आपण मान वर करूनही बघत नाही ते. आधीच सांगते, मी पक्षितज्ज्ञ नाही. शास्त्रीय नावं मला पाठ नाहीत, आणि हातातली दुर्बीणही शेजारच्या काकांकडून मागून आणलेली आहे. पण वेड लागायला पदवी लागत नाही! चला!

सगळं सुरू झालं एका काटेसावरीमुळे. टेकडीच्या पायथ्याशी आहे. फेब्रुवारी महिना, झाडावर एक पान नाही, नुसती मोठी मोठी लाल फुलं, आणि त्या फुलांतल्या मधासाठी जमलेली ही गर्दी! कोण नव्हतं तिथे! खालून बघितलं तर मागे पांढरं झगझगीत आकाश आणि पुढे सगळे काळे. लहान काळे, मोठे काळे, लांब शेपटीचे काळे. मी झाडाला वळसा घातला, ऊन माझ्या पाठीशी आलं, आणि मग एका काळ्याचा जांभळा झाला, आणि मग दुसऱ्याच्या पाठीवर निळं काहीतरी सरकलं, आणि मग तिसऱ्याने मान वळवली तर डोळा लालभडक, आणि मग मला कुणीकडे बघू तेच कळेना! एकाच झाडावर! एकाच वेळी! आणि करायचं काय होतं? फक्त सूर्याला पाठ!

हा पहिला नियम, आत्ताच लिहून घ्या. सूर्य आपल्या पाठीमागे हवा!

आता गर्दीतला सगळ्यांत छोटा घ्या. शिंजीर! जांभळा सूर्यपक्षी म्हणतात तोच. चिमणीपेक्षाही लहान, जेमतेम दहा सेंटिमीटर. सावलीत तो काळा ठिपका. पण उन्हात येऊ द्या! डोक्यावर हिरवट निळं, गळ्यावर जांभळं, आणि तो एका जागी थांबतच नाही, त्यामुळे हे रंग त्याच्या अंगावरून सतत धावत असतात! छातीवर बारीक तांबूस पट्टा असतो. आणि जोशात येऊन तो पंख फडफडवतो ना, तेव्हा काखेतून पिवळ्या-नारिंगी पिसांचे झुबके बाहेर येतात! काखेत लपवलेले! कोण लपवतं असं काही!

आणि ऐका, हा पोशाख कायमचा नाही! विणीचा काळ संपला की नर हे सगळं उतरवून ठेवतो आणि मादीसारखा पिवळसर होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ उरते. कोकणात गेलात तर त्याचा भाऊबंद भेटेल, लोटनचा सूर्यपक्षी. तोही तसाच चमकणारा, पण चोच बघा, चांगली लांब आणि जास्त वाकडी, आणि पोट तपकिरी. दोघे एकाच झाडावर आले तर आधी चोच बघायची, मग पोट. झालं! ओळखलात!

काटेसावरीवर शेंड्याला बसला होता कोतवाल. ह्याला ओळखायला शेपटी पुरते! लांब, खाली दुभंगलेली, दोन्ही टोकं बाहेर वळलेली. पण मी तुम्हाला शेपटीपाशी थांबू देणार नाही. दुर्बीण लावा आणि चोचीच्या मुळाशी बघा, जिथे तोंडाचा कोपरा येतो तिथे. एक पांढरा ठिपका! एवढ्या काळ्या अंगावर एवढासा पांढरा ठिपका! तो एकदा दिसला की मग प्रत्येक कोतवालाचा ठिपका शोधल्याशिवाय चैन पडत नाही. सगळं अंग निळसर चमकीचं, आणि हा एवढासा पक्षी घारीच्या मागे लागतो! कावळ्याला हुसकावतो! म्हणून तर होले आणि हळद्यांसारखे गरीब पक्षी ह्याच्याच झाडावर घरटं बांधतात. पहारा फुकट!

हिवाळ्यात मात्र राखी कोतवाल पाहुणा येतो, त्याचीही शेपटी दुभंगलेली. पण तो राखाडी आणि डोळे लाल. म्हणजे शेपटीवरून घराणं कळलं, डोळ्यावरून माणूस! (माणूस नाही, पक्षी. पण तुम्हाला कळलं.)

खालच्या झुडपात, जमिनीपाशी, शेपटी उभी करून उड्या मारत होता चीरक. चिमणीएवढा. बसला की काळा, खांद्यावर पांढरी पट्टी, आणि शेपटी वर केली की तिच्याखाली विटकरी! इतक्या काळ्या पक्ष्याने रंग ठेवला कुठे तर शेपटीखाली! आणि ती शेपटी सारखी वर, म्हणजे दाखवायचाच आहे तो रंग! त्याच्या शेजारी दयाळ आला तर गोंधळू नका. दयाळ बुलबुलाएवढा असतो, त्याचं पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा, आणि पाठीवर पोलादी निळी चमक. आणि आवाज! तो गायला लागला की ओळखबिळख सगळं राहू द्या, फक्त ऐका.

आकाराची ही गंमत मला सालिम अलींच्या पुस्तकातून कळली. १९४१ साली पहिल्यांदा आलेलं त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’, आणि त्यात आकार कसा सांगितलाय, तर चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा! झाडाखाली उभं असताना सेंटिमीटर कुणाला दिसतात? पण चिमणी आणि कावळा प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेले आहेत. कोतवाल म्हणजे बुलबुलाएवढं अंग आणि वर लांब शेपटी. कोकीळ म्हणजे कावळ्याएवढा, पण अंगाने सडपातळ आणि शेपटीने लांब. संपलं! पहिल्याच पायरीवर निम्मी गर्दी पांगते!

आणि हो, कोकीळ! अहो, कोकीळ! आंब्यात दडून ओरडतो तो, नर. काळा आणि त्या काळ्यावर निळसर हिरवी झाक, पण खरी खूण आहे चोच आणि डोळा. कावळ्याची चोच काळी, ह्याची फिकट हिरवट! कावळ्याचा डोळा काळपट, ह्याचा लाल! नुसता लाल नाही, पेटलेला लाल! मी तो डोळा पहिल्यांदा दुर्बिणीतून बघितला आणि श्वासच घ्यायचा राहिला. मादी तर वेगळीच, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, पण डोळा तोच! आणि आता हे ऐका. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं हे आपण शाळेत शिकतो, पण ते पिल्लू काळपट असतं आणि त्याची चोचसुद्धा काळी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं! फिकट चोच नंतर येते, मोठं झाल्यावर! मे-जूनमध्ये एखादा कावळा एखाद्या अनोळखी काळ्या पिल्लाला भरवताना दिसला तर जागचे हलू नका, मलाही बोलवा!

लाल डोळ्याचा आणखी एक आहे. भारद्वाज! पंख विटकरी, त्यामुळे तो ओळखायला अवघड नाहीच, आणि त्याचं दर्शन झालं की दिवस चांगला जातो म्हणतात. पण आपण पंख बघून, हात जोडून, पुढे जातो. थांबा! डोकं बघा, मान बघा! काळ्यात जांभळट निळी चमक, आणि तिथल्या पिसांच्या दांड्या ताठ आणि चकचकीत, एकेक दांडी वेगळी दिसते! शुभ तर तो आहेच, पण सुंदर किती आहे!

आता मला विचारा, हा रंग येतो कुठून? विचारा ना! कारण हे वाचल्यापासून मी रात्री दिवा बंद करूनही जागी असते.

एक पीस डोळ्यांसमोर आणा. मधे दांडी. दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक काड्या. त्या काड्यांना त्याहून बारीक तंतू. आणि त्या तंतूंना आकडे! एका काडीचे आकडे शेजारच्या काडीच्या तंतूंत अडकतात, म्हणून पिसाचं सलग पातं होतं. ओढून फाकवलं आणि बोटांनी सारखं केलं की पुन्हा जुळतं! पक्षी चोचीने अंग साफ करत बसतो तेव्हा तो हेच करत असतो, सुटलेले आकडे पुन्हा अडकवत असतो, आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने घेऊन पिसांना लावत असतो.

त्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनचे कण असतात. तेच मेलॅनिन, जे आपल्या केसांत आहे! नखं ज्याची बनतात त्या केराटिनचा पातळ थर वर, आणि खाली मेलॅनिनच्या कणांची नीट लावलेली ओळ. प्रकाश येतो, थोडा वरच्या पृष्ठभागावरून परततो, थोडा आत जाऊन खालून परततो, आणि मग हे दोन किरण भेटतात, आणि मग त्यांच्यातले काही रंग एकमेकांना बळ देतात आणि काही एकमेकांना पुसून टाकतात, आणि मग जो उरतो तो आपल्याला दिसतो! आपण जरा हललो की किरणांची वाट बदलते, वाट बदलली की रंग बदलतो. साबणाच्या फुग्यावर रंग फिरतात ना, त्यामागचं कारण हेच!

म्हणजे ती निळी झाक ही निळी शाई नाहीच! ते पीस कुटून भुकटी केली तर हाती काळपट तपकिरी धूळ येईल. निळा कुठेच नाही! रचना मोडली, रंग गेला!

रॉबर्ट हूक ह्यांनी १६६५ साली मोराचं पीस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि त्यांना दिसलं की ते पाण्याने भिजवलं की रंग नाहीसे होतात. न्यूटननी १७०४ साली ‘ऑप्टिक्स’मध्ये लिहिलं की मोराच्या पिसाऱ्याचे रंग अतिशय पातळ पापुद्र्यांमुळे येतात. सूक्ष्मदर्शक एवढासा आणि विचार केवढा! आणि आपले सी. व्ही. रामन! नोबेल मिळालेला माणूस १९३४ साली नीलपंखाची पिसं घेऊन बसला आणि पिसांचे रंग कसे येतात ह्यावर त्याने निबंध लिहिला! मला हे वाचून इतका आनंद झाला की काय सांगू. नोबेल मिळाल्यावरही पिसाने भुरळ घालावी!

आणि आता माझा सगळ्यांत लाडका भाग. ह्या सगळ्यात मेलॅनिनचा काळेपणा काय करतो? तो नको असलेला इकडचा तिकडचा प्रकाश गिळून टाकतो! म्हणून चमकेचा रंग असा गडद उठून दिसतो. पटत नसेल तर पांढरा मोर आठवा, प्राणिसंग्रहालयात असतो तो. पिसारा पूर्ण आहे, डोळे आहेत, सगळं आहे, पण रंग नाही, कारण मेलॅनिन नाही! काळं गेलं आणि हिरवा गेला, निळा गेला, सोनेरी गेला, सगळेच गेले! म्हणजे काळ्यात रंग नाहीत असं आपण म्हणतो, आणि इथे तर काळ्याच्या जिवावर बाकीचे रंग उभे आहेत!

ही चमक किती जुनी आहे माहीत आहे? २०१२ साली शास्त्रज्ञांनी चीनमध्ये सापडलेल्या मायक्रोरॅप्टर नावाच्या, पिसं असलेल्या डायनोसॉरच्या जीवाश्मातले मेलॅनिनचे कण तपासले. हातांवर पंख आणि पायांवरही पंख असलेला छोटा डायनोसॉर, साधारण बारा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या कणांचा आकार आजच्या चमकणाऱ्या काळ्या पक्ष्यांच्या कणांशी जुळला. म्हणजे तो काळा आणि चमकदार होता! बारा कोटी वर्षं! आणि तीच युक्ती आपल्या कठड्यावर पोळीचा तुकडा उचलते आहे!

हो, मी कावळ्याकडे येतेच आहे. त्याला शेवटच्या रांगेत ठेवणार नाही!

गावकावळ्याची मान राखाडी असते, हे सगळ्यांना ठाऊक. पण कपाळ आणि गळा बघा! ऊन पडलं की गळ्यावर निळं-जांभळं लखलखतं आणि पंख मिटलेले असताना त्यांवरून हिरवट झाक सरकते. डोमकावळा पूर्ण काळा, मोठा, चोच जाडजूड, कपाळ चोचीपाशी एकदम उभं चढणारं, आणि आवाज खोल घोगरा. दोघे शेजारी बसले की राखाडी मान हीच खूण. आणि पितृपक्षात आपण काय करतो? पान वाढतो आणि कावळ्याची वाट बघत उभे राहतो! अहो, एरवी कोण उभं राहतं कावळ्यासाठी? वाट तर बघायचीच असते, तो शिवेल की नाही म्हणून डोळे त्याच्यावर लागलेलेच असतात, मग गळाही बघा ना! पावसाळ्यानंतरचे ते दिवस, पक्ष्यांची पिसं बदलण्याचे. एखाद्याच्या पंखात जुनी, विटून तपकिरी पडलेली पिसं आणि नवी, काळी, निळ्या झाकेची पिसं शेजारी शेजारी दिसतात! एकाच पंखात गेलं वर्ष आणि हे वर्ष!

आणि हे काळं नुसतं दिसायला नाही! मेलॅनिनने पीस मजबूत होतं, लवकर झिजत नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर जा आणि पांढऱ्या कुरवांच्या पंखांची टोकं बघा. काळी! गुलाबी रोहित उडाला की पंखांची मोठी पिसं बघा. काळी! जिथे झीज जास्त, तिथे काळं! आता रोहित बघायला गेलेली मंडळी गुलाबी गुलाबी ओरडतात आणि मी एकटी ‘काळी बघा, काळी!’ म्हणून ओरडते.

पाण्यावर गेलोच आहोत तर पाणकावळा बघून घ्या. पंख पसरून उन्हात उभा असतो. त्याच्या पिसांचा बाहेरचा भाग भिजतो, त्यामुळे पाण्याखाली बुडी मारणं सोपं जातं, आणि मग बाहेर येऊन वाळवत बसावं लागतं. मोठ्या पाणकावळ्याच्या पाठीवर दुर्बीण लावा. प्रत्येक पीस वेगळं! मधे तांबूस चमक आणि कडेने काळी किनार! आणि शराटी! नांदूर मध्यमेश्वरला (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा!) वाकड्या चोचीचे काळे थवे दिसतात. खांद्यावर पांढरा डाग आणि डोक्यावर लाल, तर तो काळा शराटी. लालही नाही, पांढराही नाही, अंगाने सडसडीत, आणि वळला की तपकिरीवर हिरवं-जांभळं झळकलं, तर तो मोर शराटी! थवा उडतो, सगळा काळा दिसतो, आणि मग सगळे एकदम वळतात, आणि मग सगळा थवा एकदम हिरवा!

सह्याद्रीतला भृंगराज राहिला! कोतवालाच्याच घराण्यातला, डोक्यावर तुरा, शेपटीची दोन पिसं लांबच लांब, मधे नुसती दांडी आणि टोकाला पातं! आणि तो इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. आणि शीळकरी कस्तूर! पावसाळ्यात ओढ्याकाठी, उजाडायच्या आधी, कुणीतरी माणूस शीळ घालतंय असं वाटतं, तो हा! दगडावर बसलेला काळपट पक्षी, आणि उजेड वाढला की कपाळावर आणि खांद्यावर झळाळणारं निळं!

आणि एवढं सगळं बघूनही आपल्याला सगळं दिसत नाही! पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या, आपल्या तीन. त्यांना आपल्या जांभळ्याच्या पलीकडलं दिसतं. कोतवालाला कोतवाल कसा दिसत असेल! विचार करा!

आता सांगते, करायचं काय. सकाळी सातला निघा. सूर्य पाठीशी. फुललेली काटेसावर किंवा पांगारा गाठा, नाहीतर विजेची तार चालेल. आधी आकार, मग शेपटी, मग चोच, मग डोळा, आणि ओळख पटली तरी निघू नका, तिथेच उभे राहा, कारण पक्षी वळेल आणि रंग बदलेल. आणि मग तुमच्यासोबत कुणी असेलच, त्याची बाही ओढा, बोट दाखवा. तो म्हणेल, ‘काळा तर आहे!’ त्याला सोडू नका! दोन पावलं डावीकडे सरकवा, उन्हाच्या बाजूने उभं करा, आणि म्हणा, आता बघ!